गाडीत कोण कुठं बसलं

1948 च्या पावसाळ्यात येरमाळ्याच्या माणसाला बार्शी म्हणजे परमुलूख होता. बाजारहाटाचं, सोयरिकीचं गाव, बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. पण मधे सरहद्द होती. येरमाळा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात, आणि 15 ऑगस्ट 1947 पासून स्वतंत्र भारतात. अलीकडे चारमिनार कोरलेला हाली रुपया चालायचा, पलीकडे कलदार. अलीकडे कचेरीतला कागद उर्दूत, पलीकडे मराठीत. वाटेत करोडगिरीचा नाका, तिथं पोतं उसवून माल बघायचे. पलीकडची माणसं आमच्या बाजूला मोगलाई म्हणायची. दोन्हीकडे ज्वारी तीच, भाकरी तीच, देवीची गाणी तीच.

त्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका रात्री, आमच्या घरची गाडी ही सरहद्द ओलांडून गेली. आमची एकटीच नव्हे, आसपासच्या कितीतरी गावांतून लोक तेव्हा बार्शीकडे, सोलापूरकडे निघाले होते. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण खेड्यात त्यानं काही ‘जैसे थे’ राहिलं नाही. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या झाला होता. रझाकारांच्या टोळ्या गावं लुटत होत्या, घरं पेटवत होत्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं सरहद्दीपलीकडे छावण्या उभ्या केल्या होत्या, तिथून तरुण पोरं आत येऊन नाक्यांवर हल्ले करायची, आणि त्याचा वचपा गावांवर निघायचा. जुलै 1948 मध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला भारतीय फौज आणि निजामाची माणसं यांच्यात गोळीबार झाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी या सगळ्याला एकच नाव आहे: रझाकारी. ‘रझाकारीत जन्मला’, ‘रझाकारीच्या आदल्या साली विहीर पाडली’, अशी कालगणना त्यावरून चालायची.

हे सगळं मी पुढं मोठेपणी वाचलं. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’सारखी पुस्तकं वाचली, तेव्हा तारखा कळल्या. लहानपणी मला तारखा ठाऊक नव्हत्या. मला ठाऊक होतं ते गाडीत कोण कुठं बसलं होतं ते.

उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडायची. समोर येडाईचा डोंगर, देवळातला एक दिवा. आजी गोष्ट सांगायला बसली की सुरुवात ठरलेली. “पुढं धुरेवर गडी. त्याच्या पाठीला पाठ लावून तुझी आत्या. मधी मी, मांडीवर धाकटं. मागं जोंधळ्याचं पोतं, अन् पोत्याला टेकून तुझा बाप, घोंगड्यात गुंडाळलेला.” बाप तेव्हा चार वर्षांचा, आत्या आठाची. एखाद्या रात्री आजीनं बापाला पोत्याच्या अलीकडे बसवलं की आम्ही सगळी नातवंडं एका सुरात ओरडायचो, की न्हाई, पोत्याला टेकून! मग आजी त्याला परत पोत्यापाशी नेऊन बसवायची, आणि मगच गाडी हलायची.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून दाण्याच्या पोत्यात खुपसल्या होत्या. चाकाला वंगण जास्तीचं घातलं होतं, आखाचा करकर आवाज येऊ नये म्हणून. धाकट्याला अफूचं बोट चाटवलं होतं. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची नाही. भाकरीचं पीठ मळलं इतक्या सरळपणे सांगायची. आजोबा गाडीत नव्हते. ते मागं राहिले, जनावरं आणि पेव सांभाळायला. पेवात वर्षाची ज्वारी होती. तोंडावर माती लोटून वर शेणी रचल्या होत्या. काळ्या रानातून जाताना चाक रुतलं, गडी आणि आजी दोघं उतरून चिखलात खांदा लावत होती, आणि आत्या मांडीवर धाकटं घेऊन एकटी गाडीत बसून होती. ही जागा आली की आम्ही सगळी आत्याकडे बघायचो.

निघायचा सांगावा घेऊन आला होता शेजारचा पिंजारी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. गावच्या गाद्या, रजया त्याच्या हातून भरल्या जायच्या. कुठून तरी त्याच्या कानावर आलं होतं की उद्या-परवा इकडं रझाकारांची फेरी आहे. “आज रातीलाच काढा गाडी,” म्हणाला. गाभण गाय त्यानं आपल्या दावणीला बांधून घेतली. त्याची लेक आत्याच्या वयाची. दोघींची भातुकली एक, खेळायचे गजगे एक. गजग्यांची ती पिशवी आत्या त्या रात्री तिच्यापाशी ठेवून गेली. गाडीत सांडतील, आल्यावर घेईन म्हणाली. त्या मुलीचं नाव आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. इथं लिहीत नाही.

बार्शीत भगवंताच्या देवळाच्या आसऱ्यानं काही दिवस, मग ओळखीच्या एका घराच्या पडवीत. पोळा तिथंच झाला. परक्या दारात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला, पुरणपोळीऐवजी गुळाची भाकरी बैलांच्या तोंडाला लावली. गणपती बसले. आणि 13 सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या. त्याच दिवशी नळदुर्ग पडलं. 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पितृपंधरवड्यात आजीची गाडी परत निघाली, आता दिवसाउजेडी, घुंगरमाळा बैलांच्या गळ्यात. पेव उघडलं, वाफ जाऊ दिली, ज्वारी काढली. इथं आजीची गोष्ट संपायची.

एकदा माझ्या धाकट्या भावानं विचारलं, “अन् गजगे?”

आजी म्हणाली, “गजगे कुठं असतेत का आता. झोप.”

आम्ही झोपलो. पण ती गोष्ट मला तेव्हापासून अर्ध्यात तोडल्यासारखी वाटत राहिली.

मी शाळेत शिकवते. शनिवारी दप्तराविना गोष्टींची तासिका असते, ती माझ्याकडे. दरवर्षी 17 सप्टेंबर जवळ आला, की मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं मुलांना पाठ करावी लागतात. तीन परिच्छेद: जुलमी निजाम, क्रूर रझाकार, पोलादी सरदार. मुलं ती घडाघडा म्हणतात आणि विसरतात. त्यातलं एक वाक्यही खोटं नाही, तरी त्या भाषणात एकही लेकरू नाही. कोणी गाडीत बसत नाही, कोणाची गाय शेजारी बांधली जात नाही. म्हणून मी शाळेच्या कपाटात पुस्तक शोधायला गेले. घर सोडून जावं लागलेल्या मुलाची गोष्ट, मुलांसाठी लिहिलेली. आमच्या कपाटात असं पुस्तक नव्हतं.

आमच्या बालवाङ्मयानं घर पुष्कळ सांगितलं आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घरानंच भरलेली आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून देशभर पराक्रम करतो, पण परतायला त्याला घर आहे, शाळा आहे. मी ही पुस्तकं जीव लावून वाचली आहेत, मुलांनाही वाचून दाखवते. मात्र घर सुटलेलं बालपण मराठीत मला सापडलं ते मोठ्यांच्या फळीवर. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये आलं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातला पोरगा त्यात शाळेसाठी धडपडतो. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ तर आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं. धरणग्रस्तांची ‘झाडाझडती’ विश्वास पाटलांनी लिहिली. ‘बनगरवाडी’च्या शेवटी दुष्काळ अख्खी वाडी उठवतो. अनुभवाला तोटा नव्हताच. पण ज्यांनी तो बालपणी भोगला, त्यांनी मोठं होऊन तो मोठ्यांना सांगितला. दहा वर्षांच्या वाचकाला समोर बसवून सांगणं राहून गेलं.

मग मी बाहेरची पुस्तकं मिळवायला लागले आणि शनिवारी माझ्या मराठीत ती सांगायला लागले. सगळ्यात आधी ज्युडिथ केर. तिचे वडील आल्फ्रेड केर बर्लिनमधले नामवंत नाट्यसमीक्षक, ज्यू आणि हिटलरचे उघड विरोधक. 1933 मध्ये हे कुटुंब जर्मनी सोडून गेलं, आधी स्वित्झर्लंड, मग पॅरिस, शेवटी इंग्लंड. त्यावर तिनं 1971 मध्ये मुलांसाठी कादंबरी लिहिली. नऊ वर्षांच्या अ‍ॅनाला एकच खेळणं नेता येणार असतं. ती नवा लोकरी कुत्रा निवडते आणि जुना गुलाबी ससा मागं ठेवते, कारण लवकरच परत यायचं आहे असं सगळ्यांना वाटत असतं. पुढं घर जप्त होतं. आपल्या सशाशी आता हिटलर खेळत असेल, असं तिला वाटतं. पुस्तकाचं नावच त्यावरून आहे. छळछावण्या त्यात दिसत नाहीत. नवी शाळा, नवी भाषा, पैशांची चणचण, आईला न जमणारा स्वयंपाक, हेच पानोपानी आहे. मला ते वाचताना आत्याच्या गजग्यांची पिशवी आठवली, हे सांगायला नकोच.

व्हिएतनामी-अमेरिकन थान्हा लाईचं 2011 मधलं पुस्तक मुक्तछंदात आहे. 1975 मध्ये सायगाव पडलं तेव्हा तिथून निघालेली दहा वर्षांची ‘हा’ नावाची मुलगी, तिची मागं राहिलेली पपई, आणि अलाबामातली पोरं तिला चिडवतात ते. अ‍ॅलन ग्रॅट्झच्या 2017 च्या कादंबरीत तीन काळांतली तीन मुलं आहेत: नाझी जर्मनीतून निघालेला जोसेफ, 1994 मधली क्यूबाची इसाबेल, 2015 मधला सीरियाचा महमूद. ती मुलांना भारी आवडली, कारण दर प्रकरण ऐन धोक्यात तुटतं. मला स्वतःला तिच्यात धाप जास्त आणि घर कमी वाटलं.

मात्र ज्या पुस्तकापाशी मी खरी थांबले ते वीरा हिरानंदानीचं, 2018 मधलं. सिंधमधल्या मीरपूर खासची निशा. 1947 साल, तिचं वय बारा. वडील हिंदू, डॉक्टर. आई मुसलमान, जन्म देतानाच गेलेली. निशा रोज रात्री वहीत त्या आईला पत्र लिहिते. ती वही तिला वाढदिवसाला दिली आहे घरातल्या स्वयंपाक्यानं, काझीनं, आणि फाळणी होते तेव्हा हाच काझी मागं ठेवून सगळ्यांना जोधपूरकडे निघावं लागतं. लेखिकेच्या वडिलांचं कुटुंब असंच मीरपूर खासहून निघालेलं. या गोष्टीत मुलगी एका बाजूची होऊच शकत नाही, कारण दोन्ही बाजू तिच्या अंगात आहेत. ज्याच्यापासून पळायचं तो आणि ज्याच्या हातचं खाऊन वाढली तो, दोघांचा धर्म एक. बारा वर्षांच्या मुलीला हे कसं समजावून सांगायचं, हा प्रश्न लेखिका टाळत नाही. तो निशालाच विचारू देते.

आजी टाळत होती. का टाळत होती, ते समजायला मला फार वर्षं लागली.

सप्टेंबर 1948 नंतर काय झालं हे आमच्या भागात कुणी मोठ्यानं बोलत नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये संस्थानात फिरले. गावागावांत जाऊन माणसांशी बोलले. त्यांचा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. 2013 मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सर्वांना बघायला मिळू लागला. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौजांच्या त्या कारवाईच्या, दरम्यान आणि नंतर संस्थानभर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, बहुतेक मुसलमान, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पहिलंच नाव आमचं. आजीची गोष्ट जिथं संपायची, तिथून हा अहवाल सुरू होतो.

येरमाळ्यात कोणाचं काय झालं हे त्यात शोधू नये. तो गावाचा दप्तरखाना नव्हे. आमच्या शेजारचा पिंजारी तर कोणाला काही बोलायच्या आत निघून गेला होता. आजीची गाडी परतली तेव्हा त्याच्या घराला कडी होती, कुलूप नव्हतं. गाय आमच्या दावणीला परत बांधलेली, व्यालेली. वासराला अंगावर घोंगडं. एवढं मला आजोबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं, तेही अर्धवट. मी विचारलं, “आबा, तुम्ही इथंच होता ना तेव्हा?” ते म्हणाले, “होतो की.” पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रझाकारांनी केलेलं खरं आहे. पळालेल्या माझ्या माणसांची भीती खरी आहे, मांडीवरच्या पोराला अफू चाटवणाऱ्या आईची भीती कोणत्याही अहवालानं कमी होत नाही. आणि त्याच आठवड्यांत दुसऱ्या कोणाच्या आईनं तिच्या पोराला काय चाटवलं असेल, हेही खरं आहे. मोठ्यांची पुस्तकं यातलं एक सांगताना दुसऱ्याचा हिशेब मांडत बसतात, कोणाचं जास्त, कोणाचं आधी. लेकरू असा हिशेब मांडत नाही. माझ्या भावानं हिशेब विचारला नव्हता, त्यानं गजगे विचारले होते. मुलांसाठी लिहायची गोष्ट मला त्या एका प्रश्नासारखी हवी आहे. कोणी म्हणेल, लहान मुलांना कशाला हे सांगायचं? मी म्हणते, लहानांना हे आधीच सांगून झालेलं आहे, माळवदावर, अर्धं. अर्ध्या गोष्टीतून मुलं उरलेलं अर्धं मनानं भरतात, आणि ते भरायला बाहेर बरेच जण टपलेले असतात.

महाराष्ट्राकडे अशा गोष्टींचं केवढं भांडार पडून आहे! कोल्हापूरजवळ वळिवडे इथं 1943 ते 1948 या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेच्या काठी आली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, आणि आसपासच्या गावांत मराठी मुलं वाढत होती. म्हातारपणातही ही पोलिश माणसं कोल्हापूर बघायला परत यायची. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या माणसांचं पुढं उल्हासनगर झालं. आणि आमच्या व शेजारच्या लातूर जिल्ह्यात, त्या मानानं अलीकडे, 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालचा सगळा पट्टा. सुमारे दहा हजार माणसं गेली, 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी बसवावी लागली. बाराशेच्या आसपास मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं. ती मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांच्यातल्या कोणी पुण्यातल्या पहिल्या रात्रीवर मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, तर मी ते उद्या माझ्या वर्गात वाचायला घेईन.

पण माझ्या वर्गात बसलेली मुलं यातली कोणीच नाहीत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गावं दरसाल सुटतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक येतो. आई-बापांनी उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि टोळी पश्चिमेकडे किंवा कर्नाटकाकडे निघते. ज्यांची आजी मागं आहे ती मुलं आजीपाशी राहतात, कोणी हंगामी वसतिगृहात. बाकीची फडावर जातात, कोपीत राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढं गोळा करतात. चैत्रात, येडाईच्या यात्रेला, चुनखडी वेचायला लोटणाऱ्या लाखोंच्या गर्दीत ती परतलेली दिसतात. मला वाटत होतं, मी त्यांना दूरच्या देशांतल्या निर्वासित मुलांच्या गोष्टी सांगून काही नवं देते आहे. अ‍ॅना एकच खेळणं नेऊ शकते हे सांगितलं, तेव्हा सहावीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, ट्रकमधी तर एक बी नेऊ देत नाहीत. ताडपत्री, पीठ अन् भांडी. त्यातच जागा सरती.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला अ‍ॅनाचं सामान कमी करून द्यायचं होतं.

गेल्या पावसाळ्यात मी आजीची गाडी त्यांना सांगितली. माझी आजी नाही आता. आत्या आहे, पंच्याऐंशीची, कान पक्के, डोळे जरा मंद. मी गोष्ट पेवापाशी आणून संपवली, आजी संपवायची तशी. मग मुलांना म्हटलं, की आत्याबाईंना काय विचारायचं ते वहीत लिहा, मी त्यांना शाळेत घेऊन येते. भाषणाच्या तीन परिच्छेदांवर ज्यांना कधी एक शंका आली नव्हती, त्यांनी पानं भरली.

गाडीला वर छप्पर होतं का? पाऊस आला असता तर पीठ भिजलं असतं. धाकट्याला दूध कुणाचं, शेळी नेली होती का? शाळेचा दाखला काढून नेला होता का, दाखल्याबिगर बार्शीच्या शाळेत बसू दिलं का? पाणी कुणाच्या विहिरीवर भरत होता, तिथल्या लोकांनी भरू दिलं का? कुत्रं गाडीमागं आलं का? बाळाला अफू जास्ती झाली असती तर? परत येताना तुम्हाला यावं वाटत होतं का?

हा शेवटचा प्रश्न मला कधीच सुचला नसता. तो दर चैत्रात परत येणारं लेकरूच विचारू शकतं.

आत्या आली. खुर्चीवर बसली, नऊवारीचा पदर डोक्यावर. मी प्रश्न वाचायला लागले तर तिनं थांबवलं. “तू न्हाई. ज्यानं लिव्हलंय त्यानं उभं राहून विचारायचं.” मग पोरं एकेक उभी राहिली. छप्पर नव्हतं, रिकामं पोतं पसरलं होतं पोरांवर. शेळी नेली नाही. पडवीवाल्या बाईची म्हैस होती, त्या बाईनं पहिले दोन दिवस पैसे घेतले, मग घेतले नाहीत. पाणी आडावरून भरताना मात्र आधी त्यांच्या घागरी भरून होऊ द्याव्या लागायच्या. शाळेत दाखला कोणी मागितला नाही, पण बाकावर मागं बसवलं, आणि पोरी म्हणायच्या, ही मोगलाईतली. तिला मोगलाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आजीला विचारलं तर आजी म्हणाली, आपलं गाव. कुत्रं नाक्याच्या अलीकडच्या ओढ्यापर्यंत आलं. मग गड्यानं दगड मारून मागं पिटाळलं. “लागला त्याला दगड,” आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत हे कुत्रं मी पहिल्यांदा ऐकत होते.

परत यावं वाटत होतं का? “न्हाई,” आत्या म्हणाली. “बार्शीत लाइट होता. छोटी रेल्वे होती, तिची शिट्टी यायची. मला तिथंच राहायचं होतं. पर गजगे हिकडं होते.”

मागच्या बाकावरची मुलगी उठली. फडावर चार हंगाम काढलेली, वर्गात फारशी न बोलणारी. तिनं वहीत न बघता विचारलं, “तुम्ही परत आलाव तवा ती पोरगी गेलती. मग त्यांच्या घरात कोण राहाया गेलं?”

आत्या लगेच बोलली नाही. मला वाटलं, आता ती आजीसारखी काहीतरी सांगून बाजूला होईल, आणि मी मधे पडायच्या बेतात होते. ती म्हणाली, “कोणी न्हाई. दोन वर्सं आपलाच कडबा होता त्यात.”

आमचा कडबा! हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. माझ्या वडिलांनी नाही, आबांनी शेवटच्या आजारपणातही नाही. मी ही गोष्ट मुलांसाठी लिहायला घेतली आहे, आणि गाडीत कोण कुठं बसलं यानंच ती सुरू होते. पण तिची दुसरी बाजू इतकी आमच्या भिंतीला लागून असेल हे मला त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच धरून तिनं पुढचा प्रश्न केला, “कडबा भरायच्या आधी आत काय काय होतं?”

“सांगते,” आत्या म्हणाली, “लिहून घे.”